मुरवणीचा कायदा

दुपारी बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी झिरपू लागलं, तसं हौसाबाईंनी ओळखलं, आपला भरलेला बांध आता फुटणार. बांधाखालीच नणंदेचं घर होतं आणि घरात आठ दिवसांची बाळंतीण. पण बांधाचं लोखंडी दार आता शेतकऱ्याच्या हातात नव्हतं. नव्या कायद्यानं ते उपग्रह उघडायचा, तेही तालुक्यानं ठरलेलं पाणी जमिनीत मुरवल्यावरच.

त्यांनी तालुक्याच्या पाणी केंद्राला पुन्हा फोन लावला.

"आपल्या तालुक्याचं उद्दिष्ट अजून पूर्ण झालेलं नाही," यंत्रातला गोड आवाज म्हणाला. "दार गुरुवारी उघडेल."

हौसाबाईंनी कुदळ उचलली आणि बांधाच्या ओढ्याकडच्या टोकाला घाव घातला.

"वैनी, बांध फोडला तर सात वर्षं पाण्याचा हक्क जातोय!" शेजारचे धोंडिबा ओरडले.

"ठाऊक हाय, भावजी. तुम्ही आधी खालची माणसं बाहेर काढा."

धोंडिबा धावले. तासाभरात पाणी ओढ्याला लागलं, झिरपणं थांबलं. बाळंतीण सुखरूप होती. फोनवर हक्क रद्द झाल्याचा निरोप आला होता. खाली आणखी एक ओळ होती: 'तालुक्याचा साठा घटल्यामुळे उरलेल्या बांधांची दारं गुरुवारऐवजी रविवारपर्यंत बंद राहतील.'

हौसाबाईंनी डोंगराकडं पाहिलं. वर उतारावर असेच सतरा बांध तुडुंब भरले होते.