पाचवी खिंड

"अकरा वाजले की जिथं असशील तिथून मागं फिर. माथा दहा पावलांवर असला तरी."

हिमाचलातल्या खिंडीखालच्या शेवटच्या गावातल्या चहावाल्यानं बजावलेलं हे वाक्य उन्मेषला आता सिंगापूरच्या हौगांग भागातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ऐकू येत होतं. सकाळचे सात वाजले होते. आई पाय धुऊन बाहेर आली होती. चपला तिनं उचलून रॅकवर ठेवल्या होत्या. इथून सेरांगून रोडच्या देवळातल्या गणपतीपर्यंत आठ किलोमीटर, आणि आई, म्हणजे वसुधाबाई, ते अनवाणी चालणार होत्या.

"तुझ्या त्या खिंडीच्या वेळी नवस बोलले होते," त्यांनी काल सांगितलं होतं. "कराडला परतायच्या आत फेडायला हवा."

"काय बोलली होतीस?"

"फेडेपर्यंत सांगत नाहीत."

"मग निदान बसनं जा. देवाला काय कळतंय?"

"देवाला नाही कळलं तरी मला कळेल."

उन्मेष इथल्या युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. आई तीन महिन्यांसाठी आलेली असताना तिला फ्लॅटमध्ये ठेवून तो मे महिन्यात हिमाचलात गेला होता. एकटा, पाठीवर तंबू, एकोणीस दिवस, बर्फातल्या पाच खिंडी. वाट अजून धड उघडलीही नव्हती. तयारी मात्र कडक. टूथब्रशची दांडी अर्धी कापली, शर्टांची लेबलं उसवली. पन्नास ग्रॅम वाचले म्हणून दोन दिवस खुशीत होता. निघताना आईनं नारळ पुढे केला. म्हणाली, पाचव्या खिंडीच्या माथ्यावर ठेव. त्यानं नारळ वजनकाट्यावर ठेवला आणि आईनं पाटा-वरवंटा बांधून दिल्यासारखं तिच्याकडे बघितलं. शेवटी सुपारीवर तडजोड झाली. नारळाच्या जागी सुपारी चालते. ही सोय देवानं ट्रेकर लोकांसाठीच केली असणार, असं म्हणून त्यानं ती कमरपट्ट्याच्या खिशात टाकली.

चार खिंडी झाल्या. पाचवीच्या चढावर ऊन वर आलं. पहाटे दगडासारखा असलेला बर्फ पेजेसारखा झाला. पाय मांडीपर्यंत आत जायला लागला. माथा समोर दिसत होता, हाकेच्या अंतरावर. फोनमधला अकराचा गजर वाजला. उन्मेष पाच मिनिटं तसाच उभा राहिला. मग त्यानं माथ्याला एक सणसणीत शिवी दिली आणि मागं फिरला.

सिंगापूरला उतरेपर्यंत मात्र त्याच्या सांगण्यात खिंड ओलांडून झाली होती. लॅबमध्ये केक आला, वर साखरेचा डोंगर. माथ्यावर काय वाटलं, असं कुणीतरी विचारलं. उन्मेषनं डोळे मिटले आणि म्हणाला, "शांत." दोघंतिघं भारावले. घरी आईनं एवढंच विचारलं होतं, "सुपारी?"

"ठेवली," तो म्हणाला होता.

त्या एका शब्दावर आज आईचा उजवा गुडघा आठ किलोमीटर चालणार होता. लिफ्ट बंद पडली की दुसऱ्या मजल्यावर टेकणारा गुडघा. आणि नऊ वाजल्यानंतर इथला फुटपाथ म्हणजे तापलेला तवा.

बाहेर कॉरिडॉरमध्ये शेजारच्या मिसेस लिम कुंड्यांना पाणी घालत होत्या. "आंटी, नो स्लिपर आह? लेटर व्हेरी हॉट, लाह."

"गॉड," वसुधाबाईंनी वर बोट दाखवलं.

"ओह. गॉड." मिसेस लिमनी मान हलवली. वरून नोटीस आली असेल तर काय करणार, असा चेहरा.

वसुधाबाईंनी लिफ्टचं बटण दाबलं. उन्मेष धावत बाहेर आला.

"आई, थांब. मी पाचवी खिंड ओलांडलेली नाही. माथा समोर होता आणि मी घाबरून मागं फिरलो. सगळ्यांना खोटं सांगितलं. तुलाही."

वसुधाबाईंनी पूजेच्या पिशवीत हात घातला आणि सुपारी काढून तळहातावर धरली.

"तुझी सॅक धुतली तेव्हा पट्ट्याच्या खिशात होती. तीन आठवडे देव्हाऱ्यात ठेवलीय. तू रोज तिथं उभा राहून उदबत्तीला नाक मुरडतोस, पण खाली बघत नाहीस."

उन्मेषला हलकं वाटलं. मग रागही आला. "माहीत होतं, तर मग निघालीस कुठं? काम झालंच नाही. काम अर्धवट टाकणाऱ्या कंत्राटदाराला कुणी अनवाणी जाऊन हार घालतं का?"

"त्याचं काम त्यानं चोख केलं." लिफ्ट आली. वसुधाबाई आत शिरल्या, पदर सावरून वळल्या. "गणपतीकडे खिंड कशाला मागू मी? बुद्धी मागितली होती. वेळेवर मागं फिरायची."

उन्मेषनं लिफ्टचं दार हातानं अडवलं. त्यांनी सुपारी परत पिशवीत ठेवली.

"तू माथ्यावर पोचला असतास तर आज मी घरी बसले असते," त्या म्हणाल्या, आणि हलकेच तळमजल्याचं बटण दाबलं.