बादलीतली दोन हाडं

प्रयोगशाळेतल्या मदतनीस तांडेलनं शेवटचा मणका तारेत ओवला. दोन वर्षं वाळूत पुरून ठेवलेल्या देवमाशाचा सांगाडा आता कॉलेजच्या छताखाली तरंगत होता. कुजून गेलेल्या कूर्चेच्या जागी त्यानं मणक्यांमध्ये रबराच्या चकत्या घातल्या होत्या. प्राणिशास्त्राच्या बाई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागची दोन हाडं कुठायत?"

तांडेलनं कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. "ती कुठल्या गुराची असणार, बाई. कशालाच जोडत नाहीत."

"जोडायचीच नसतात. ती याच्या कमरेची. याचाही आतला सांगाडा आपल्यासारखाच. पूर्वज चार पायांवर चालायचे. पाण्यात गेले आणि मागचे पाय गेले. एवढीच राहिली, मांसात तरंगत."

काठी टेकत, पोलिओ झालेला पाय ओढत तांडेल बादलीपाशी गेला. लहानपणी तो समुद्राकडे खुरडत जाताना सगळे हसायचे, म्हणून कोळ्याच्या घरात जन्मूनही त्यानं पोहणं सोडलं होतं. त्यानं ती हाडं बारीक तारेनं शेपटीच्या अलीकडे टांगली. खिडकीतून खारा वारा आला आणि ती चालल्यासारखी हलली.

"पहिल्यांदा पाण्याकडे जाताना याचे पूर्वजही खुरडतच गेले असतील ना, बाई?"

"मग काय, धावत?"

संध्याकाळी किनाऱ्यावर गर्दी होती. तांडेलनं काठी वाळूत रोवली आणि सगळ्यांदेखत खुरडत निघाला. पाणी कमरेला लागलं, तेव्हा त्याचे दोन्ही पाय सारखे झाले.