मागच्या सीटवरचं बोट

विमानाच्या सीटमागून त्याच्या डोक्यात पुन्हा ठोसा बसला.

“अहो, सांगा की त्या मागच्या आजींना,” बायको म्हणाली. “केव्हाच्या टोचतायत! तुमचं डोकं आहे की दाराची बेल?”

“टोचू दे गं.”

तो पडदेवाला. सीटच्या पाठीवरचे छोटे पडदे दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली, तीही जमिनीवर उभ्या विमानांत. उडायचा योग आज पहिल्यांदा आला, आणि अगदी वेळेवर आला. सोमवारी हे सगळे पडदे त्यालाच काढायचे होते. आता ज्याचा सिनेमा त्याच्या खिशात. पडद्याच्या जागी फोन अडकवायला नुसती खाच येणार होती. एकदा तरी कुणी आपला पडदा बघताना दिसावं, एवढीच त्याची इच्छा. मघाशी मधल्या वाटेने तो दोनदा फिरून आला होता. जो तो आपापल्या फोनमध्ये मान घालून. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

आणि मग हे बोट! त्याच्या सीटच्या पाठीवरचा पडदा जुना, जोरात दाबल्याशिवाय ऐकत नाही. म्हणजे मागे कुणीतरी तो चालू केला होता.

अचानक टोचणं थांबलं. त्याला चैन पडेना. तेवढ्यात मागून घाबरा आवाज आला, “अहो, बघा हो कुणीतरी! विमान थांबलंय!”

तो ताडकन उठला. आजींच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यातलं इवलंसं विमान समुद्राच्या मधोमध अडकलं होतं.

“आपलं विमान चाललंय, आजी. पडदा तेवढा रुसलाय.” त्याने कडेची दोन बटणं एकदम दाबून धरली. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. विमान हललं.

“चाललं बाई एकदाचं! लेक बाळंत व्हायचीय माझी. मघाशी तिचं गाव चार बोटं लांब होतं.” आजींनी नकाशावर बोटं दाबून मोजलं. “आता अडीच. हे दिसतं म्हणून जिवात जीव आहे. देव तुमचं भलं करो.”

“तुमचंच भलं होवो, आजी,” तो कसाबसा म्हणाला.

तो जागेवर बसला. पुन्हा टोचायला नको म्हणून बायकोने त्याच्या डोक्यामागे उशी सरकवली. त्याने ती काढून मांडीवर घेतली, डोकं मागे नीट टेकवलं आणि वाट बघत बसला.