भामाचं बेट

तारनाक्याच्या मराठी वर्गात त्रिवेणीआजींनी मुलांना खेळासाठी देश वाटून दिले. कोळशावरची वीज कधी बंद करायची, ते मिळून ठरवायचं होतं. छोटी भामा समुद्रातलं बेट झाली आणि वर्तमानपत्रावर उभी राहिली. निर्णय लांबला, की आजी घंटा वाजवून “समुद्र चढला!” म्हणत तिच्या पायाखालचा कागद निम्मा दुमडत. “पहले तू बंद कर!” शिवराज ओरडला. “पहले आप, नवाबसाब!” प्रणिता वाकून म्हणाली. वर्ग हसला. घंटा वाजली. “लवकर ठरवा ना रे,” एका पायावर डोलत भामा म्हणाली. कुणी वळून पाहिलं नाही. पुन्हा घंटा वाजली. अखेर करार झाला. सह्या घेत शिवराज भामाकडे आला. ती कागदाबाहेर, फरशीवर उभी होती. “कर सही, वाचलीस तू!” त्याने पेन पुढे केलं. भामा गप्पच राहिली. बुडालेल्याने बोलायचं नाही, असा खेळाचा नियम होता.