गच्चीवरच्या गोळ्या

उजेडाने औषध किती बिघडतं, हा स्वप्नाचा फार्मसीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. तिने बीपीच्या गोळ्या पाकिटातून काढून एका ताटलीत मांडल्या आणि परभणीजवळच्या झरी गावातल्या घराच्या गच्चीवर, आईच्या कुरडयांशेजारी, भर उन्हात ठेवल्या.

"माय, महिनाभर ह्या ताटलीला कुणी हात लावायचा न्हाई."

"मला काय करायचंय तुज्या गोळ्यांना? मला माज्या कुरडयांचं पडलंय," महानंदाबाई म्हणाल्या.

ऊन चव्वेचाळीसच्या खाली उतरलंच नाही. कुरडया दोन दिवसांत कडकडीत झाल्या. महिन्याने कॉलेजात गोळ्या तपासल्या, तर त्यांचा कस रतीभरही कमी झालेला नव्हता. सर चकित झाले. पुण्याच्या परिषदेत स्वप्नाने छातीठोकपणे सांगितलं, "ही गोळी परभणीच्या उन्हालाही दाद देत नाही!" टाळ्या पडल्या, पहिलं बक्षीस मिळालं. घरी येताच तिने कप आईच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

महानंदाबाईंनी पदराने कप पुसला.



"मी हात न्हाई लावला बरं का. तू रोज कालेजला जायला जीपमधी बसलीस की तुज्या बापाची काळी छत्री तेवढी वरून उघडून ठिवायची, अन् तू यायच्या आत काढून घ्यायची. पाकिटावर एवढं ठळक लिवलंय, उन्हात ठिवू नका म्हणून. तू लय शिकलीस, पर वाचीत न्हाईस!"