चटईवरची जागा

प्रौढांचा साक्षरता वर्ग सर्वांना खुला, असा हुकूम, सरकार, तुम्ही चांद्याहून काढला. चटई कोणाला खुली, ते लिहायला विसरलात. म्हणून स्वराज्याच्या सातव्या वर्षी शकुबाई बुरडीण सहा महिने उंबऱ्याबाहेर बसून अक्षरं शिकली.

आज परीक्षा होती. तपासणीचे साहेब खुर्चीवर. शेजारच्या खुर्चीवर दुकानदार गुणवंतराव. खाली बांबूच्या नव्या चटईवर शेतकरी नानाजी, त्याची बायको रुखमाबाई आणि बाकीचे. चटई शकुबाईनंच विणलेली, काल पोचवलेली.

चीनशी दोस्तीचं वारं होतं, म्हणून गुरुजींनी भिंतीवर त्या देशाचा तक्ता लावला होता. साहेबांनी तोच वाचायला सांगितला. शकुबाई बाहेरूनच मान लांब करून वाचू लागली.

"प्राचीन चीनमधील समाज. पहिला मान विद्वानाचा. दुसरा शेतकऱ्याचा, कारण तो सर्वांना पोसतो. तिसरा का-रा-गि-राचा. चौथा..." ती अडखळली. "चौथा व्यापाऱ्याचा."

चटईवर खसखस पिकली.

"गुणवंतराव, उतरा जी खुर्चीवरून! तुमचा लंबर आमच्या मागं," नानाजी म्हणाला.

"कागदावरचं हाय ते," गुणवंतराव तडकले. "पैसेवाल्याले तिथीबी कोणी खाली नसन बसवलं. इचारा गुरुजीले."

"खरं आहे," गुरुजी म्हणाले. "पण परीक्षा पास झाला तर शेतकऱ्याचा मुलगाही पहिल्या ओळीत जायचा. तेही खरं."

साहेबांनी वहीत खूण केली. "पास. या बाई, इथं सही करा."

टेबलापर्यंतची वाट चटईवरून होती. शकुबाईनं पाऊल उचललं, तसा मघाशी हसणारा नानाजी ओरडला, "ए शकू, चटई बाटवशीन! बाहेरूनच कर सही."

ती वाकली. चटईची कड तिनं चिमटीत धरली.

"नानाजीभाऊ, चटई कशी विणतेत, पाह्यलं कधी? जशी वाढते तसं तिच्यावरच बसा लागते, नाई तं बांबूच्या कामट्या उचलतेत. चार दिस मी हिच्यावर बसून होती. तुमी बसले ना, तिथीच भाकर खाल्ली."

नानाजीनं झटकन बूड उचललं.

"आता उठून का फायदा?" रुखमाबाई हसत सुटली. "सकाळपासून त बसून राह्यले!" ती बाजूला सरकली. हातभर जागा झाली.

शकुबाई चटईवरून गेली. टाक घट्ट धरून तिनं नावाची चार अक्षरं काढली. परत येऊन त्या हातभर जागेत मांडी घालून बसली. नानाजी अर्धवट उठलेला, तसाच खाली टेकला.

"साहेब," ती म्हणाली, "पास झाली, तं मी पहिल्या ओळीत. विणते, तं तिसऱ्या. मंग सहा महिने उंबऱ्याबाहेर होती, ते कोणत्या ओळीत?"

साहेब तक्त्याकडे पाहू लागले.

"तिथी नाई जी. तुमच्या हुकमात पाहा. आन जबाब लिहूनच द्या. वाचता येते मले आता."