मालकांचं मतदान

पलीकडच्या कॅन्ससमध्ये गुलाम ठेवायचे की नाही, हे मतदानानं ठरणार होतं. मत तिथल्या रहिवाशांचं. पण नदीअलीकडचे मिसुरीचे मळेवालेही बंदुका घेऊन मतं टाकायला निघाले होते. त्यांच्यातल्याच एकाची गुलाम केझाया आपल्या मालकांची शिदोरी बांधत होती.

"मालक, एकट्याच्या मतानं काय होणार? शेजारच्या सगळ्या मळेवाल्यांना न्या. आपल्या मुलांनाही न्या."

"अगं, पोरं अजून वयात कुठं आलीत?"

"तुमचं तरी घर कुठं आहे तिकडं?"

मालक खदखदून हसले. "बरं, नेतो!"

"आणि माग काढणारी कुत्रीही न्या. विरोधक झुडपात लपले तर?"

"आमच्यापेक्षा तुलाच या मतदानाची घाई!"

"माझ्या जिवाचा प्रश्न आहे, मालक."

चौथ्या दिवशी मालक जिंकून आले. अंगणातूनच ओरडले, "केझाया, कॉफी टाक!"

चूल गार होती. शेजारच्या मळ्यांतूनही अशाच हाका येत होत्या, आणि ओ द्यायला कुठंच कुणी नव्हतं. कुत्री तेवढी मालकांच्या पायाशी होती, चार दिवसांच्या चालीनं दमून झोपलेली.